सुकली, घामेजली, वाळली

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही ताईने दिली. तिने शिवणकामाची मापे लिहायला आणली होती, पण रेघा फार जवळजवळ आहेत म्हणून नको झाली. मला जवळच्या रेघा चालतात.

आज नव्या कामावरचा पहिला दिवस. कारखान्यात पाणी गाळायच्या कँडल बनतात. (‘कँडल’ की ‘कॅन्डल’ अशी शंका होती. खोक्यावर ‘कँडल’ छापले आहे, म्हणून तेच धरले.) माती आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून, साच्यात घालून वीतभर लांबीची पोकळ कांडी करतात. ती वाळवून भट्टीत भाजली की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोके उरतात. त्यांतून पाणी जाते, घाण जात नाही.

सगळा घोळ वाळवण्यात आहे. मांडणीवर ठेवलेली कँडल वाळायला अठरा दिवस घेते आणि शंभरातल्या वीसेक तरीही तडकतात. म्हणून मॅडमनी यंत्र आणले आहे. काही घरांत अन्न गरम करायचे मायक्रोवेव्ह असते, त्याचा हा थोरला भाऊ. स्टीलचा, माणसाच्या उंचीचा. इथे सगळे त्याला ‘कपाट’ म्हणतात. बाहेरून शेकायचे नाही, लहरी सरळ आतल्या पाण्यालाच तापवतात, अशी त्याची रीत. ओली कँडल ४१० ग्रॅम, वाळलेली ३१८. माझे काम वजन करून नोंदवहीत लिहायचे.

मॅडम इंजिनिअर आहेत. केसांत पेन्सिल खोचतात आणि मग सगळीकडे पेन्सिल शोधतात. भट्टीवर जे म्हातारे आहेत त्यांना सगळे भट्टीमामा म्हणतात. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिले आणि मॅडमना विचारले, “ह्याला काय येतं?”

“अक्षर चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या.

“अक्षरानं माती वाळते होय?”

मॅडम हसल्या. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत तेच वाक्य कानात होते. याआधी पाट्या रंगवायच्या दुकानातून मला काढले, कारण ‘दुरुस्ती’तला रु ऱ्हस्व की दीर्घ हे बघायला मी शब्दकोश आणायला गेलो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निघून गेले. (ऱ्हस्व आहे.) त्याआधीच्या ठिकाणीही मी सावकाश काम करतो म्हणूनच काढले. इथूनही काढले तर नववी नापास माणसाला कोण घेणार?

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज मी नोंदवहीत ‘मांडणी क्र. २ वरील कँडल सुकल्या’ असे लिहिले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचले.

“सुकल्या? कुणी सांगितलं?”

“हात लावून बघितला. कोरड्या लागल्या.”

“फूल सुकतं. तोंड सुकतं. कपडे काय होतात?”

“वाळतात.”

“का?”

आयुष्यभर दोन्ही शब्द बरोबर लिहीत आलो, पण दोन का आहेत हे कधी विचारले नव्हते.

“सुकणं वरचं असतं,” मामा म्हणाले. “वाळणं आरपार. कँडल आधी सुकते, मग वाळते. मधे चार-पाच दिवस जातात. त्या चार-पाच दिवसांत भट्टीत घातलीस तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि फुटते. कळलं का, शुद्धलेखन?”

हे नाव आता मला चिकटणार असे दिसते.

सुकली की वाळली हे ते गालाने ओळखतात. कँडल उचलून डाव्या गालाला, ओठाच्या कोपऱ्याशी लावतात आणि डोळे मिटतात. आत ओल असेल तर आतून गारवा येतो म्हणे. बोटांना तो कळत नाही, बोटे राबून राठ झालेली असतात. उजवा गाल चालत नाही; तिथे भट्टीची जुनी भाजल्याची खूण आहे, कातडी कागदासारखी चकचकीत. “हा मेलेला,” म्हणून त्यांनी त्यावर टिचकी मारून दाखवली.

आज त्यांनी अशा नव्वद कँडल तपासल्या. सात बाजूला काढल्या. मॅडमनी गंमत म्हणून त्या सातांचे वजन करायला सांगितले. सातही पाच-सहा ग्रॅमने जड निघाल्या. नव्वदपैकी नेमक्या सात. मी काटा पुन्हा पुन्हा बघत राहिलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

मामा दोन दिवस आले नव्हते. शनिवारी त्यांनी अक्कलदाढ काढून घेतली. आज डावा गाल सुजलेला. साच्यावरच्या बायकांनी विचारले, “मामा, आता अकलेचं कसं?” मामा म्हणाले, “मुळापासून काढली. आता तुमच्या बरोबरीला आलो.”

कपाटाचा पहिला पूर्ण भार आज झाला. चार ट्रे, प्रत्येकात सोळा, एकूण चौसष्ट कँडल. एकवीस तडकल्या. मालक आले, तुकडे पायाने हलवून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “एकवीस मार्चला भट्टी उघडेल तेव्हा ह्या कपाटातल्या चौसष्टांपैकी साठ धड निघाल्या पाहिजेत. नाही तर कपाट जिथून आलं तिथे परत.”

मॅडम म्हणाल्या, “बघू या.” त्या सगळ्याला हेच म्हणतात.

कपाट गेले की नोंदवही गेली आणि नोंदवही गेली की मी. ताईला अजून सांगितले नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज माझ्याकडून एक चांगली गोष्ट झाली. लिहायला संकोच वाटतो.

तडकलेल्या कँडलच्या जागा मी एका तक्त्यात भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक वेळी त्याच तीन जागा येतात. मॅडम म्हणाल्या की कपाटात लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत, कुठे दाटी होते, कुठे मोकळे राहते. पण दाटी नेमकी कुठे हे डोळ्यांना दिसत नाही.

काल ताईच्या इस्त्रीखाली दुकानाचे बिल राहिले होते आणि ते काळे पडले. तो कागद उष्णता लागली की काळा होतो. हे मी मॅडमना सांगावे की नाही यावर अर्धा दिवस गेला. शेवटी चहाच्या वेळी सांगितले. त्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटले काहीतरी मूर्खपणाचे बोललो.

मग त्या स्वतः धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि बिलाच्या कागदाची तीन रिळे घेऊन आल्या. ओल्या फडक्यावर कागदाच्या पट्ट्या पसरल्या, दोन मिनिटे कपाट चालवले. बाहेर काढले तर पांढऱ्या कागदावर तीन काळे ढग. माझ्या तक्त्यातल्याच तीन जागा.

“हा बघ,” मॅडम म्हणाल्या, “ह्याचा राग कुठे कुठे आहे ते दिसलं.”

मामांनी तो कागद घडी न घालता गुंडाळून आपल्या कपाटात ठेवला. त्यांच्या खऱ्या कपाटात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दोन दिवस कागद काळे करणे चालू आहे. कपाटाच्या छताला लहरी विखुरणारे एक पाते फिरते. मॅडमनी ते अकरा वेळा वाकवले, प्रत्येक वेळी नवा कागद. ट्रेही मधोमध न फिरता जरा बाजूला धरून फिरतात असे केले, म्हणजे कुठलीच कँडल एका जागी अडकून राहत नाही. बाराव्या कागदावर ढग नव्हते. सगळीकडे सारखा फिकट करडा रंग, पाऊस येणार नाही असे सांगणाऱ्या आकाशासारखा.

त्या कागदाला मॅडमनी हात लावला नाही. फक्त बघत बसल्या. अकरा कागद वाया गेल्यावर माझा धीर कधीच सुटला असता. त्यांच्या तोंडून एक वैतागाचा शब्द ऐकला नाही. फक्त पेन्सिलीचे टोक चावून संपले आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आता जागा सारख्या झाल्या, तर वेगळेच निघाले.

पंधरा मिनिटांनी ट्रे काढला. कँडल हाताला ओलसर. मामांनी बोट फिरवले, बोट ओले झाले. “ओली आहे, अजून दे,” म्हणाले. अजून दिले. तरी ओलसर. पुन्हा दिले. मग मी वजन केले, ३१५. वाळलेल्या कँडलपेक्षा तीन ग्रॅम कमी, आणि वरून ओली. मला वाटले काटा बिघडला. तीनदा शून्यावर आणला, तीनदा ३१५. ते लिहायची हिंमत होईना, म्हणून मी पेन धरून उभा राहिलो.

“लिहीत का नाहीस?” मॅडमनी विचारले.

“चूक वाटतंय.”

मामांनी माझ्या हातातून कँडल घेतली आणि कट्ट्यावर आपटून मोडली. आत काळी. कोळशासारखी. भुसा आतल्या आत करपला होता.

मामा तुकड्याकडे बघत म्हणाले, “पन्नास वर्षं बाहेरून आत वाळताना बघितली. ही आतून बाहेर वाळते. आत सगळं संपलं, आणि वर घाम.” मग मला म्हणाले, “हिला काय म्हणशील, शुद्धलेखन? सुकलेली नाही, वाळलेली नाही.”

मी तुकडा उलटून पाहिला.

“घामेजलेली,” मामा म्हणाले. “लिही.”

मी लिहिले. (‘मे’ला मात्रा, ‘जे’ नव्हे ‘ज’.) शब्द जुनाच, पण कँडलला तो मामांनी प्रथम लावला आणि वहीत प्रथम लिहिणारा मी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मॅडमनी मामांना विचारले, “मांडणीवर रात्री तुम्ही ओलं गोणपाट का टाकता? वाळवायचंय तर ओलं का?”

मामा म्हणाले, “वरचं भराभर सुकतं, आतलं मागे राहतं. वरचं आखडलं, आतलं नाही, की तडा. म्हणून वरच्याला जरा थांबवायचं. आतलं येऊन मिळालं की पुन्हा वारा. आम्ही त्याला दम देणं म्हणतो.”

मॅडमनी जाऊन एक गोणपाट उचलून पाहिले. मग म्हणाल्या, “तुमच्याकडे बाहेरचा आतल्यासाठी थांबतो. ह्या कपाटात आतल्यानं बाहेरच्यासाठी थांबायला हवं.”

“मग त्यालाही दम दे की, पोरी.”

संध्याकाळपर्यंत कपाट नव्या पद्धतीने चालू लागले. चार मिनिटे लहरी, दहा मिनिटे दम. दमाच्या वेळी लहरी बंद, वाफ आतच कोंडलेली, म्हणजे आतली आणि बाहेरची ओल एकमेकींना येऊन मिळते. शेवटी पंखा. बटणांच्या फळीवर मॅडमनी माझ्याकडून चिठ्ठी लिहवून चिकटवली: ‘दम’. इतका छोटा शब्द मी कधी इतका जपून लिहिला नव्हता.

त्या दोघांना असे बोलताना ऐकले की वाटते आपण चुकून कुठल्यातरी मोठ्या जागी येऊन उभे राहिलो आहोत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मामा माझ्यावर नाराज आहेत, असे वाटते.

एक. हल्ली चहा पिताना ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करतात. दोन. आज मला बोलावून म्हणाले, “कँडल गालाला लाव.” मी लावली. “काय वाटतं?” “गार.” “नुसतं गार की आतून गार?” मला फरक सांगता येईना. त्यांनी ते माझ्याकडून चाळीस वेळा करून घेतले. स्वतः एकदाही लावली नाही. चाळिसाव्या वेळेपर्यंत माझा गाल मातीने भरला होता आणि साच्यावरच्या बायका म्हणत होत्या, “पावडर छान लागलीय.”

तीन. त्यांच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला चहा सांडलेला असतो. मी सांगितले तर म्हणाले, “तुझं लक्ष वजनावर असू दे.”

मी सावकाश आहे हे त्यांच्या लक्षात आले असावे. चाळीस वेळा करून घेणे ही शिक्षाच असणार. तरी एक लिहून ठेवतो: अडतिसाव्या वेळी मला खरोखर काहीतरी वेगळे लागले. वरून काही नाही, आणि मग उशिरा, मागच्या खोलीतून कुणी हाक मारावी तसा गारवा.

सोमवार, ३ मार्च

रोज चाळीस. आता मला न बघता तीन प्रकार कळतात. घामेजलेली लगेच गार लागते आणि मग कोमट. सुकलेली आधी काही नाही, मग गार. वाळलेली गालाइतकीच. जणू काही लावलेच नाही.

मामांना हे सांगितले तर म्हणाले, “हं.” त्यांच्याकडून ‘हं’ मिळणे साधी गोष्ट नाही.

गुरुवार, ६ मार्च

काल सगळे बिघडले. क्रमाने लिहितो.

मॅडम काल बाहेरगावी होत्या. जाताना सांगून गेल्या, “भार काढलात की नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठव, मी भट्टीचं ठरवीन.” काल दुपारी भार काढला. मामांनी मला तपासायला लावले. मी म्हणालो, “आधी काही नाही, मग गार.” मामा म्हणाले, “मग सुकली. लिही.” मी लिहिले: ‘सर्व ६४ कँडल सुकल्या.’ फोटो पाठवला. मॅडमचे उत्तर आले: ‘छान. भट्टीत घाला.’ मामा तेव्हा जेवायला घरी गेले होते. मामांच्या हाताखालच्या माणसाने माझ्या फोनवरचे उत्तर वाचले आणि कँडल भरल्या; मॅडमचा शब्द, म्हणून मी अडवले नाही.

तासाभराने भट्टीतून आवाज येऊ लागले. ठप. ठप. मग एकदम चार. मी मोजत होतो. तेवीसला मोजणे थांबवले.

मॅडमच्या भाषेत सुकणे आणि वाळणे एकच. त्यांनी ‘सुकल्या’ वाचले आणि समजल्या, झाले. मामांच्या आणि माझ्या भाषेत त्याचा अर्थ ‘आत अजून ओल आहे’. एकही अक्षर चुकलेले नव्हते. तेच तर.

आज सकाळी मालकांनी विचारले, “चूक कुणाची?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, “माझी. वाचणारीला आपली भाषा येते असं धरून चाललो.”

मॅडम म्हणाल्या, “माझी. महिनाभर कानांवर पडतोय तो शब्द, मी विचारलाच नाही.”

मालक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. दोन माणसे एकाच चुकीसाठी भांडत आहेत आणि दोघांनाही ती आपल्याकडे हवी आहे, असे मी प्रथमच पाहिले. मधे मला बोलायला जागाच मिळाली नाही. खरे तर चूक माझी होती, मला दोघांची भाषा माहीत होती. ताईला सांगितले तर ती म्हणाली, “मग तू तरी काय कमी आहेस, तूही तेच भांडतोयस.”

शुक्रवार, ७ मार्च

मॅडमनी मला फळा आणायला पाठवले. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावले:

घामेजली: आत कोरडी, वर ओली. दम द्या.
सुकली: वर कोरडी, आत ओली. दम द्या.
वाळली: आरपार. भट्टी.

मामांनी लांब उभे राहून वाचले. “दोन रोग, औषध एकच,” म्हणाले. मग मॅडमना: “पन्नास वर्षं हे डोक्यात होतं. भिंतीवर बरं दिसतंय.”

मंगळवार, ११ मार्च

वजनावर सगळे भागेल असे मला वाटत होते, पण नाही. प्रत्येक ट्रेमधली एकच कँडल काट्यावर जाते, बाकीच्या पंधरांचे ती सांगू शकत नाही. चौसष्टच्या चौसष्ट काट्यावर घालायच्या तर पहिली गरम आणि शेवटची थंड, आणि तोवर वर हवेची ओल धरते. गालाला मात्र एका कँडलला एक श्वास पुरतो.

मॅडम म्हणाल्या, “काटा सरासरी सांगतो, गाल भांडण सांगतो.” म्हणजे कोण मागे राहिले ते.

मामा परत दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. एका दाढेसाठी चौथी खेप. इतकी काय दाढ.

मंगळवार, १८ मार्च

आजचा भार शेवटचा. उद्या भट्टीत, एकवीसला उघडायची. आज अक्षर नेहमीसारखे नाही.

सकाळपासून चार मिनिटे लहरी, दहा मिनिटे दम. दुपारी तीन वाजता चारही ट्रे बाहेर. नमुन्याच्या चारही कँडल ३१८. मॅडमनी श्वास सोडला. मालक येऊन उभे होते. त्यांना काट्याचे फार कौतुक नाही. ते म्हणाले, “मामा, तुमचा गाल काय म्हणतो?”

सगळे थांबले. साच्यावरच्या बायकासुद्धा.

मामांनी तिसऱ्या ट्रेच्या मधल्या ओळीतली एक कँडल उचलली. डाव्या गालाला लावली. डोळे मिटले. फार वेळ धरली, नेहमीपेक्षा फार जास्त. मग, मला विश्वास बसेना, ती उजव्या गालाला लावली. भाजलेल्या, मेलेल्या गालाला. मग पुन्हा डाव्या.

“मी म्हणतो वाळली,” मामा म्हणाले. मग कँडल माझ्या हातात दिली. “तू काय म्हणतोस?”

मी लावली. आधी काही नाही. मग, मागच्या खोलीतून, गारवा.

काटा म्हणतो ३१८. मामा म्हणतात वाळली. मालक घड्याळ बघत आहेत. आणि मी कोण? मी ट्रेमधली शेजारची लावली. गार. त्या शेजारची. गार. बाहेरच्या ओळीतली लावली, काही नाही. पुन्हा मधली.

“माझ्या तोंडाकडे बघू नकोस,” मामा हळू म्हणाले. “गालाला विचार.”

“तिसऱ्या ट्रेमधली मधली ओळ सुकली आहे,” मी म्हणालो. “वाळलेली नाही.”

“म्हणजे काय?” मालकांनी विचारले.

मॅडमनी फळ्याकडे बोट केले. “म्हणजे अजून दोन दम.”

“मामा तर म्हणतात वाळली.”

मॅडम मामांकडे बघत होत्या. त्यांच्या सदऱ्याकडे, डाव्या बाजूला. मग म्हणाल्या, “मामांनीच शिकवलंय ह्याला. ह्याचं ऐकू या.”

मामांनी मान हलवली. मालक खुर्ची ओढून बसले. दोन दम दिले. मग मी चौसष्टच्या चौसष्ट लावल्या. सगळ्या गालाइतक्याच. जणू काही लावलेच नाही.

आता शांतपणे विचार करतो तेव्हा कळते. मामांनी मुद्दामच चुकीचे सांगितले. मेलेला गाल लावून मला खूण केली की हे नाटक आहे, मी बघावे आणि धीराने बोलावे. मालकांसमोर स्वतःचा शब्द खोटा पाडून घ्यायचा, का, तर मला माझ्या गालावर भरवसा यावा म्हणून. असा शिक्षक मला शाळेत एकही मिळाला असता तर नववी सुटली नसती.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी भट्टी उघडली. मॅडमनी पहिली कँडल काढली, पांढरीशुभ्र, एकही रेघ नाही, आणि ती त्यांच्या हातातून निसटून फुटली.

“त्रेसष्ट,” मामा म्हणाले. “आता मागे सरक.”

बाकीच्या त्रेसष्ट एकेक करून मामांनी काढल्या. टिचकी मारली की प्रत्येक वाजत होती. मालकांनी एक कानाशी धरून वाजवली, दुसरी वाजवली, आणि म्हणाले, “कपाट राहू दे.” जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हाही.”

दुपारी मॅडमनी मला बाजूला बोलावले. “तुला कधी कळलं?” त्यांनी विचारले.

“काय?”

“काही नाही,” म्हणाल्या. “मामांना मी उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आणते. दाढ काढताना नस दुखावली जाते कधीकधी. भरून येते हळूहळू. कधीकधी.”

“दुखतंय का त्यांना अजून?”

“दुखत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तेच तर.”

दुखत नसेल तर बरेच आहे. ताईला कपाटाची बातमी सांगितली. ती शिवणयंत्र थांबवून म्हणाली, “गाल धू आधी.”

सोमवार, ३१ मार्च

नोंदवहीत मॅडमनी एक नवा रकाना आखला आहे: ‘तपासले’. आज मामांनी पेन माझ्याकडे सरकवले. मी म्हणालो, “तुमची सही हवी.” ते म्हणाले, “तपासलं कुणी?” मी सही केली. तीही शुद्धलेखनाने.

आज मामा दाढी करून आले होते. डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्याखाली कापले होते, आणि रक्ताची बारीक रेघ हनुवटीपर्यंत आली होती. बाकी कुणी काही म्हणाले नव्हते. मी म्हणालो, “मामा, कापलंय.”

“कुठे?”

त्यांनी हात लावला, तो भलत्याच जागी. मी काटा पुसायच्या स्पिरिटने कापूस ओला केला आणि पुसले. मामा हलले नाहीत. कसला चटका नाही, काही नाही. मॅडम पलीकडे उभ्या होत्या, त्या खिडकीकडे वळल्या. मला वाटते पेन्सिल शोधत असाव्यात. ती केसांतच होती.

“सुकलं का रे?” मामांनी विचारले.

मी बोट टेकवून पाहिले.

“सुकलंय,” मी म्हणालो. “वाळलं नाही अजून.”

“मग दम दे,” मामा म्हणाले, आणि स्टुलावर बसले. तोंड माझ्याकडे करून.

मी घड्याळ लावले. दहा मिनिटे.